करंट कमी, वजन कमी

गणपतीला गोमाजीकाका मुंबईहून आले, गिरणीपाशी टेम्पोतून एक खोकं खाली ठेवलं आणि मला म्हणाले, "सार्थक, उचल रे."

मी उचललं. इथेच चुकलं. त्याच वेळी ते खोकं ओढ्यात ढकललं असतं, तर पुढचे सहा महिने वाचले असते. पण आमच्याकडे मोठ्या माणसांनी उचल म्हटलं की उचलायचं असतं, मग खोकं असो नाहीतर त्यांची मतं.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला. गाडीरस्ता खाली मंजुळामावशीच्या पिठाच्या गिरणीपर्यंत येतो आणि तिथेच दमून बसतो. पुढे वाडीपर्यंत पाऊण तासाची चढण. रस्ता मंजूर आहे. (मी जन्मलो तेव्हाही मंजूर होता.) तर पाऊण तास ते खोकं माझ्या डोक्यावर, आणि मागून हात हलवत चालणारे काका मला पाऊल कुठे टाकायचं ते शिकवत होते. काका माझ्या बाबांचे थोरले भाऊ. मुंबईत नोकरी करून रिटायर झाले आणि तेव्हापासून काही ना काही विकतात. मागच्या वर्षी पाणी गोड करणारा लोहचुंबक होता. त्याच्या आधी अंगठी.

ओटीवर खोकं उघडलं. आतून एक काळी पाटी निघाली. एस्टी स्टँडवर वजनाचा काटा असायचा ना, तशी दिसायला, पण डायल नाही आणि सोबत रिमोट.

"व्हायब्रेशन मशीन," काका म्हणाले. "वर नुसतं उभं राहायचं. दहा मिनिटं थरथरलं की दहा हजार पावलं चालल्याचा फायदा. चरबी आतल्या आत वितळून जाते."

"जाते कुठे?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे?"

"वितळली की ती जाणार कुठून? खाली सतरंजी घालायची का?"

"बघ किशोर," काका बाबांकडे वळले, "कॉलेज सोडलेल्या पोराला हे असले प्रश्न सुचतात."

"तुम्ही वापरता का हो काका?" काकांचं पोट घरात शिरतं आणि थोड्या वेळाने काका शिरतात, म्हणून विचारलं.

"मी एजंट हाय. एजंटाला कुठे वेळ असतो?"

आता बाबांबद्दल. बाबांनी तेवीस वर्षं मुंबईत औषधाच्या गोळ्या पॅक केल्या आणि व्हीआरएस घेऊन वाडीत परत आले. आल्यापासून ते ओटीवर बसतात. नुसते बसतात असं नाही, बसून जगाला मेहनतीचं महत्त्व सांगतात. वजन साडेशहाण्णव. महाडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून एकच गोष्ट सांगितली होती, रोज तासभर चाला. त्यावर बाबा म्हणाले, "त्याचं काय जातंय? चालायचं मला हाय."

आणि हाच माणूस मला रोज सकाळी चहाच्या आधी ऐकवायचा, "शॉर्टकटने आयुष्य होत नाय, सार्थक. ॲडमिशन घे परत."

मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा दीड वर्षात सोडला. का, ते सांगतो, कारण मला कोणी विचारत नाही, सगळे फक्त सुनावतात. दीड वर्षात मी एकही मोटर उघडलेली बघितली नाही. मोटर कपाटात, कपाटाची किल्ली सरांकडे आणि सर मीटिंगला. आम्ही मोटरची आकृती काढायचो. पहिल्या वर्षी पेन्सिलीने, दुसऱ्या वर्षी पेनाने. मी म्हटलं, एवढ्यासाठी वडिलांनी गोळ्या पॅक केल्या नाहीत. वडील म्हणाले, एवढ्यासाठीच केल्या. तिथपासून आमचं संभाषण हे असं.

तर त्या दिवशी बाबा त्या पाटीकडे अशा मायेने बघत होते की माझं डोकं सटकलं.

"बाबा, हा शॉर्टकट नाही वाटतं?"

"हे सायन्स हाय."

"हे सायन्स असेल तर मी पुढच्या वर्षी कॉलेजात परत जातो."

बोललो आणि जीभ चावली. पण बाबा ओटीवर बसल्या बसल्या वीस वर्षांनी तरुण झाले. "लाव पैज! शिमग्यापर्यंत माझं वजन पाच किलो उतरलं तर तू ॲडमिशन घ्यायचीस. तक्रार न करता."

"आणि नाही उतरलं तर तुम्ही जन्मात ॲडमिशन हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

"कबूल. वजन मंजुळाच्या गिरणीच्या काट्यावर."

काकांनी मध्ये हात घालून पैज पक्की केली. आई आतून म्हणाली, "दोघांचाबी मेंदू त्या पाटीवर ठेवा आधी." तिचं कोणी ऐकलं नाही. आमच्या घरात शहाणं बोललेलं स्वयंपाकघरातच राहतं.

मशीनचं बटण दाबलं. लाल दिवा लागला, 'टूं' असा आवाज आला आणि दिवा गेला. परत दाबलं. टूं. गेला.

कारण आमच्या वाडीत करंट नाही. म्हणजे येतो, पण पाऊण तासाची चढण चढून, दमून. संध्याकाळी बल्ब पिकल्या टोमॅटोसारखा दिसतो. पंखा फिरतो, पण त्याची पाती मोजता येतात. काका आरतीला टाळ्या वाजवून, मोदक खाऊन गौरीगणपतीबरोबर निघून गेले. जाताना म्हणाले, "मशीन वॉरंटीत हाय, काळजी नको."

बाबांच्या हट्टापायी मी ते धूड परत डोक्यावर घेऊन खाली उतरलो आणि बाइकवरून महाडला नेलं. बाजारात जुल्फिकारभाईंचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. तालुक्यातले सगळे जळके मिक्सर शेवटी त्यांच्याकडेच येतात. त्यांनी मशीन लावलं. ते दुकानभर गुरगुरलं.

"मशीन सोळा आणे चांगलं हाय," ते म्हणाले. "तुमचा करंट बेकार हाय."

"भाई, ह्याने चरबी जाते का हो?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी आमच्या सरांनी दीड वर्षात एकदाही टाकली नाही. म्हणजे मला अक्कल असावी अशी. "ताक घुसळलं तर लोणी जातं काय रे? वर येतं. हितं तर वरबी येत नाय, हाय तितंच नाचतं. कंबर आखडली असंल तर जरा मोकळं वाटंल. बास. चरबी कमी करायला भाकरी कमी लागते न् चालणं जास्त."

मी हे शब्द जसेच्या तसे घरी येऊन सांगितले. बाबांना त्यातला एकच भाग ऐकू आला.

"म्हणजे मशीन चांगलं हाय! करंट कुठे चांगला हाय? गिरणीवर. मग मी गिरणीवर जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझे वडील, ज्यांनी दोन वर्षांत न्हाणीघरापलीकडे प्रवास केला नव्हता, ते डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर गोणपाटात बांधलेलं बारा किलोचं मशीन, असे डोंगर उतरले. गिरणीवर दहा मिनिटं थरथरले. मग मशीन डोक्यावर घेऊन डोंगर चढले. संध्याकाळी पुन्हा. कारण माहितीपत्रकात लिहिलं होतं, दिवसातून दोन वेळा.

"मशीन तिथेच ठेवा ना," आई म्हणाली.

"पीठ जातं त्याच्यात. शिवाय मंजुळा वापरेल."

मी आठव्या दिवशी बघायला गेलो. गिरणीत दळणाच्या डब्यांची रांग, रांगेमागे बायका, आणि मध्यभागी पाटीवर बाबा. सगळे उडत होते. गाल, पोट, सदऱ्याचा खिसा, खिशातला चष्मा. चक्कीतलं पीठ उडून त्यांच्यावर बसत होतं आणि थरथरून खाली पडत होतं.

"मं-मं-जुळे," बाबा म्हणाले, "ना-ना-चणी जा-जाडी द-द-दळ."

"आधी खाली उतर न् मग बोल," मंजुळामावशी म्हणाली. "मला वाटतंय तुला थंडीताप आलाय."

रांगेत ठमाबाई होती. वय ऐंशी, वजन पायलीभर. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा रे, अंगात आलंय काय ह्याच्या? कुठल्या देवाचं?"

"मुंबईच्या देवाचं, आजी."

"मंग नारळ देऊन टाका. लवकर जायचा नाय तो."

मी पोटभर हसलो. वर येताना वाटेत तिसऱ्या वळणावर बाबांना गाठलं तेव्हाही हसत होतो. मग एक गोष्ट लक्षात आली आणि हसू थांबलं. बाबा बसले नव्हते. पहिल्या दिवशी ते सात ठिकाणी बसले होते. आज बारा किलो डोक्यावर घेऊन ते माझ्या पुढे चालत होते आणि मी धापा टाकत मागे.

दिवाळीत गिरणीच्या काट्यावर बाबांचं वजन एक्क्याण्णव भरलं.

मी काटा दोनदा बघितला. मंजुळामावशीने वजनं बदलून बघितली. एक्क्याण्णव. म्हणजे पाच किलोची हद्द अर्ध्या किलोने ओलांडून गेलेली, आणि शिमगा अजून चार महिने पुढे.

"बघितलंस सायन्स?" बाबा म्हणाले.

"बाबा, हे चालण्याने झालंय! तुम्ही रोज डोंगर दोनदा उतरता-चढता. डोक्यावर बारा किलो घेऊन!"

"ते मशीनपर्यंत जाण्यासाठी. ते धरायचं नाय."

"धरायचं नाय म्हणजे? पायांना काय माहीत तुम्ही कशासाठी चालताय?"

"मग आधी का उतरलं नाय वजन?"

"आधी तुम्ही चालत नव्हता!"

"आधी मशीन नव्हतं," बाबा शांतपणे म्हणाले.

ह्याच्यापुढे माझं दीड वर्षाचं शिक्षण कमी पडलं. मी वाडीत घराघरात जाऊन समजावलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला, आणि शेवटी विचारलं, "पण ते मशीन मिळतं कुठे?" जो माणूस उभ्या आयुष्यात चालून बारीक राहिलाय, त्यालाही चालण्यावर विश्वास नाही. चालणं फुकट असतं ना. फुकट औषधाला गुण नसतो, अशी आमच्या वडीलधाऱ्यांची श्रद्धा आहे.

रात्रभर तळमळलो असं लिहायला पाहिजे, पण मी झोपलो. सकाळी उठल्यावर मात्र डोकं स्वच्छ होतं. बाबा बारीक का होतायत? चालतात म्हणून. चालतात का? गिरणीवर करंट आहे, घरी नाही म्हणून. मग करंट घरी आणला तर?

होय. बापाचं वजन वाढावं म्हणून मी वाडीत वीज आणायचं ठरवलं. लोक समाजसेवा कशाकशासाठी करतात. मी ह्यासाठी केली.

आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता थांबली. "बाबांनी परवा पायाची नखं स्वतः काढली. दोन वर्षं मी काढतेय. तुला ते बघवत नाय का रे?"

"मला कॉलेज बघवत नाही."

तिने भाकरी तेवढी जोरात थापली.

पोलादपूरला विजेच्या कार्यालयात गेलो तेव्हा भांडायचीच तयारी करून गेलो होतो. पण तिथल्या साहेबांनी भांडूच दिलं नाही. त्यांनी जुनी फाइल काढली आणि माझ्यासमोर उघडली. आमच्या वाडीसाठी ट्रान्सफॉर्मर बारा वर्षांपूर्वीच आला होता. वाडीतच बसायचा होता. पण त्याला लागणारी दोन खाटांएवढी जागा वाडीत कोणी दिली नाही, म्हणून शेवटी तो खाली गिरणीजवळ बसवला. तेव्हापासून गिरणी गरगरते आणि आम्ही टोमॅटो बघतो.

फाइलमध्ये आमच्या वडीलधाऱ्यांचे नकार होते. सह्या, अंगठे, सगळं व्यवस्थित. भिकूआजोबांनी (बाबांचे चुलते) लिहून दिलं होतं की विजेचा डांब आला की फणस सुकतो. गोमाजीकाकांनी मुंबईहून कळवलं होतं की त्या तुकड्यात त्यांना बंगला बांधायचाय. (तिथे आजही घाणेरीची झुडपं आहेत. बंगल्यापेक्षा बरी वाढलीत.) आणि बाबांनी लिहिलं होतं, "भिकूनाना जागा देतील तर मी देईन." त्याच्याच खाली भिकूआजोबांची ओळ होती, "किशोर देईल तर मी देईन."

"जागेचं संमतीपत्र आणा," साहेब म्हणाले, "बाकीचं आम्ही करतो. सातबाऱ्यावर जेवढी नावं, तेवढ्या सह्या."

सातबाऱ्यावर एकोणीस नावं होती. त्यातली सहा मेलेली. जिवंत तेरांपैकी एकमेकांशी बोलणारे तीन.

तिथून पुढचे तीन महिने मी काय केलं ते कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. मेलेल्यांचे वारस शोधले. एक आत्या नाते गावात दिलेली, दुसरी शिवथरला. नाते गावच्या आत्याकडे चार खेपा झाल्या. पहिल्या खेपेला ती रडली, दुसऱ्या खेपेला तिने एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली लग्नात कोणी नथ दिली नाही ते सांगितलं, तिसऱ्या खेपेला घरी नव्हती आणि चौथ्या खेपेला अंगठा दिला. शिवथरची आत्या म्हणाली, "मी देते सही, पण आधी ती देऊ दे." मी म्हटलं, "तिने दिली." तर म्हणाली, "मग मी कशाला देऊ?" बाइकचं इंजिन बसलं तेव्हा काही दिवस सगळं पायीच. वाडी ते गिरणी, गिरणी ते वाडी, दिवसाला कधी चार वेळा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत तो कागद.

सगळ्यात कठीण भिकूआजोबा.

"फणसाचं काय?"

"आजोबा, फणस सहा वर्षांपूर्वी पडला. त्याचा तुम्ही पाट केला. त्याच्यावर बसून तुम्ही माझ्याशी बोलताय."

"पण तत्त्व हाय ना रे. तुझ्या बापाने आधी सही केली काय?"

"केली." (केली नव्हती.)

"मग हितं कर म्हणावं. माझ्यासमोर."

मी बाबांना ओढत आणलं. दोघं चुलतेपुतणे बारा वर्षांनी समोरासमोर बसले. पेन एक, कागद एक. दोघंही आधी दुसऱ्याने धरावं म्हणून बघत राहिले. शेवटी मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहिता येणार नाही, पण त्यात दोघांच्या वयाचा उल्लेख होता, आणि मुलांनी काय शिकावं हे सांगणाऱ्यांनी बारा वर्षं लेकरांना अंधारात अभ्यासाला बसवलं, असं काहीतरी होतं. मग बाबांनी माझ्याकडे न बघता पेन उचललं आणि सही केली. भिकूआजोबांनी अंगठा पुढे केला. अंगठा थरथरत होता. आजोबा मशीनशिवाय थरथरतात.

बाबांनी उठताना एवढंच म्हटलं, "आवाज बरा लागतो तुझा. वकिलीला ॲडमिशन..."

"बाबा!"

काकांची सही सगळ्यात सोपी. फोनवर म्हणाले, "करंट आला तर वाडीत मशीनला मार्केट हाय. कुठे करू सही?"

माघात ट्रान्सफॉर्मर वर आला. रस्ता नसल्यामुळे सोळा माणसांनी बांबूंना बांधून खांद्यावरून चढवला. ज्यांनी बारा वर्षं जागा दिली नाही तेच पुढच्या बांबूला मानासाठी भांडत होते. संध्याकाळी बटण दाबलं आणि घरातला पंखा असा फिरला की कॅलेंडर उडालं. बायकांनी बल्बखाली एकमेकींची तोंडं नीट पाहिली आणि थोड्या नाराज झाल्या. ठमाबाईने माझी दृष्ट काढली. वाडीभर माझं नाव झालं. मी मात्र फक्त आमच्या ओटीकडे बघत होतो.

बाबांनी मशीन टीव्हीसमोर ठेवलं. बटण दाबलं. मशीन घरात, घरच्या करंटवर, झोकात सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाबा डोंगर उतरले नाहीत. सातला ते अंथरुणात होते. नऊला दहा मिनिटं थरथरले, साडेनऊला घावन खाल्ले. थरथरल्यामुळे भूक लागते म्हणाले. दुपारी परत. संध्याकाळी पाटीवर उभे राहून बातम्या बघताना आईकडून कांदाभजी हातात घेतली, तर भजं तोंडात जाईना, कधी नाकाला लागे, कधी कानाला. शेवटी मशीन बंद करून खाल्ली.

मी रोज बघत होतो आणि सुखाने जेवत होतो. (आई मला वाढताना ताट आपटायची.)

शिमगा आला. काका मुंबईहून आले. होळीच्या आदल्या दिवशी सकाळी सगळी वाडी गिरणीवर उतरली. बाबा उतरताना तिसऱ्या वळणावर बसले. मग पाचव्या वळणावर. सहाव्या वळणावर मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली. म्हणाले, "उन्हं लवकर तापतात ह्या वर्षी." सकाळचे साडेसात वाजले होते.

मंजुळामावशीने काटा झाडला. बाबा चढले. दळणाची वजनं एकावर एक ठेवली गेली. नव्वदला काटा हलला नाही. त्र्याण्णवला नाही.

"पंच्याण्णव," मंजुळामावशी म्हणाली. "दिवाळीत एक्क्याण्णव होतास रे किशोर."

दीड किलो. पाच पाहिजे होते. मी जिंकलो.

मला वाटलं होतं, जिंकल्यावर मी ओरडेन. पण बाबा काट्यावरून उतरले ते एक हात गुडघ्यावर ठेवून, आणि कोणाकडे न बघता म्हणाले, "हरलो. शब्द म्हणजे शब्द. आजपासून तो विषय बंद." तरी मी म्हटलं, "मशीनने चरबी जात नाही. सिद्ध झालं. सगळ्यांनी ऐका."

सगळे ऐकत नव्हते. काका माझ्याकडे बघत होते, वरून खाली.

"तू चढ रे काट्यावर."

"मी कशाला?"

"चढ."

चढलो. अडुसष्ट. गणपतीत गंमत म्हणून केलं होतं तेव्हा एकोणऐंशी होतं. अकरा किलो! मी स्वतः चक्रावलो. माझी पँट सुतळीने बांधलेली होती, पण मला वाटलं होतं कापड सैल झालंय.

"अकरा किलो!" काकांनी माझा हात वर धरला, कुस्ती जिंकल्यासारखा. "मशीन कोणाच्या घरात? ह्याच्या. चोर हाय पोरगा! आम्हाला नाय नाय म्हणत राहिला आणि गुपचूप स्वतः वापरत राहिला!"

"मी एकदाही पाय ठेवला नाही त्याच्यावर! मी चाललो! नाते, शिवथर, पोलादपूर, सह्यांसाठी, तीन महिने..."

"सह्या तर सगळेच करतात," भिकूआजोबा म्हणाले. "सह्या करून कोण बारीक झालाय?"

"आई, सांग ना ह्यांना!"

आईने माझ्याकडे बघितलं. खूप दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. "मी काय चोवीस तास घरात असते?" ती म्हणाली.

काकांनी गिरणीतच वही काढली. नऊ ऑर्डरी लागल्या. पहिली भिकूआजोबांची, ज्यांच्या अंगावर चरबी शोधायला बॅटरी लागेल. मी जिवाच्या आकांताने समजावत राहिलो. जितका ओरडलो तितके लोक म्हणाले, "आवाज बघ, ताकद बघ. मशीनने स्टॅमिना पण वाढतो."

आणि बाबा? दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाबा चुंबळ डोक्यावर ठेवून, त्यावर मशीन घेऊन निघाले.

"कुठे? घरात करंट आहे की आता!"

"घरच्या करंटला ती मजा नाय रे," बाबा म्हणाले. "गिरणीवर चार माणसं भेटतात." आणि वळणावरून दिसेनासे झाले. आई दारात उभी राहून बघत होती. मी काही बोललो नाही. ह्या वेळी मुद्दाम बोललो नाही, हे नोंदवून ठेवतो.

शिमग्याच्या पालखीच्या दिवशी बाहेरगावची माणसं वाडीत यायला लागली तेव्हा मी गिरणीपाशी गेलो आणि तिथे तो फ्लेक्स पाहिला. दहा बाय सहा. वर मोठ्या अक्षरात, 'चालू नका! फक्त उभे राहा! सहा महिन्यांत अकरा किलो!' खाली दोन फोटो. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. डावीकडे मी. गणपतीतला, दोन्ही गालांत मोदक. उजवीकडे पोटावर सहा फोडी असलेला कोणी परदेशी इसम, उघडा, तेल लावलेला.

"काका! हा कोण?"

"कंपनीचा फोटो हाय. तुझा आताचा बघितला मी. उन्हाने कोळसा झालायस, गालफडं बसलीयत. गिऱ्हाईक घाबरलं असतं. आधीचाच गोड होता."

मग मी फोटोखालचं नाव वाचलं. 'इंजि. सार्थक किशोर, वाडीचे प्रकाशदाते.'

"हे 'इंजि.' कोणी टाकलं?"

काकांनी गिरणीच्या आत बोट दाखवलं. आत बाबा पाटीवर उभे होते आणि मान दुसरीकडे करून जोरजोरात थरथरत होते. ॲडमिशन हा शब्द त्यांनी तोंडातून काढला नव्हता. शब्दाला पक्का माणूस. त्यांनी ॲडमिशन, परीक्षा आणि पदवी, तिन्ही परस्पर उरकून छापून घेतलं होतं.

फ्लेक्स फाडायचाच म्हणून मी पुढे झालो, दोरीला हात घातला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"एक्सक्यूज मी, हे तुम्हीच ना?"

वळून पाहिलं. श्रुतिका. तिने स्वतःच नाव सांगितलं. पालखीसाठी मामाकडे आलेली, पोलादपूरला कॉलेजात शिकणारी, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याशी सह्यांशिवाय बोलत होतं. मी दोरी सोडली. पोट आत घेतलं. (आत घ्यायला आता काहीच नव्हतं, तरी घेतलं.) केसांवरून हात फिरवला.

"हो," मी म्हटलं. "मीच."

तिने उजवीकडच्या परदेशी इसमाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग डावीकडच्या 'आधी'च्या फोटोकडे, आणि मनापासून धीर देत म्हणाली,

"छान! मग मशीन सुरू कधी करताय?"